उलट्या लेन्सने किडीची ओळख
भातशेतीतील बारीक किडींचे समीप-छायाचित्र कसे घ्यावे

कुंडलिका नदीच्या खोऱ्यातील रोहा तालुक्याची शेती मुख्यत्वे भाताची आहे. राबावर तयार केलेले रोप आषाढात खाचरात लावले जाते, आश्विन-कार्तिकात कापणी होते आणि त्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतला जातो. कालव्याचे पाणी जेथे मिळते तेथे उन्हाळी भातही होतो. या पिकांवर पडणाऱ्या किडींपैकी पुष्कळशा भाताच्या दाण्याहूनही लहान असतात. तपकिरी तुडतुडा पूर्ण वाढला तरी तीन ते चार मिलिमीटरच भरतो. वालावरील मावा तर एक ते दोन मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो. कीड लहान असली की तिची ओळख चुकते. ओळख चुकली की औषध चुकते. आणि औषध चुकले की पैसा जाऊन पीकही हाती लागत नाही.

सबब, कीड ओळखण्याचे साधन गावातच उपलब्ध असावे हे अगत्याचे आहे. दहापट मोठे दाखविणारे हातभिंग हे त्यांतील पहिले साधन होय, व ते प्रत्येक ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या खिशात असलेच पाहिजे. परंतु भिंगातून जे दिसते ते पाहणाऱ्यालाच दिसते. ते दुसऱ्यास दाखविता येत नाही, जपून ठेवता येत नाही आणि तज्ज्ञाकडे पाठविता येत नाही. ही उणीव छायाचित्राने भरून निघते. किडीचे मोठे व स्पष्ट छायाचित्र घेण्यासाठी तयार मिळणाऱ्या खास लेन्स महाग असतात. तथापि, साधी लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवली असता जवळजवळ तेच काम अल्प खर्चात होते. ती रीत पुढे क्रमाने दिली आहे.

चुकीच्या ओळखीची किंमत

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास भाताच्या चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर, बारीक किडे हालताना दिसले की ते सर्वच तुडतुडे आहेत अशी समजूत होते. वस्तुतः त्यांत दोन पक्ष असतात. एक पक्ष पिकाचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचा, व दुसरा त्या तुडतुड्यांवर जगणाऱ्या मित्र कीटकांचा. मिरीड ढेकूण हा या दुसऱ्या पक्षातील प्रमुख होय. तो अंगाने हिरवट, डोके व खांदे काळसर, आणि आकाराने तुडतुड्याएवढाच असतो. तो तुडतुड्यांची अंडी व लहान पिल्ले शोषून खातो. लायकोसा जातीचा कोळीही याच बुंध्याशी फिरतो व दिवसाला पाच ते पंधरा भक्ष्ये मारतो.

आता समजा, एखाद्या शेतकऱ्याने चुडाशी दिसणारे सर्व किडे शत्रूच मानले आणि सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन यांसारखे औषध फवारले. मिरीड ढेकूण व कोळी उघड्यावर वावरतात, म्हणून ते प्रथम मरतात. तपकिरी तुडतुड्याची मादी मात्र आपली अंडी पानाच्या आवरणाच्या आत, पेशींमध्ये खुपसून घालते. तेथे फवारा पोहोचत नाही. काही दिवसांनी ही अंडी उबतात, आणि त्या वेळी पिल्लांना खाणारे कोणीही शेतात उरलेले नसते. परिणामी फवारणीनंतर कीड कमी होण्याऐवजी वाढते. शेतात जागोजागी गोल पट्टे पडतात व चूड जळल्यासारखे वाळतात. शेतकरी म्हणतो, औषध भेसळीचे होते. औषध कदाचित चोखही असेल. निदान चुकलेले असते.

ही गोष्ट केवळ एका शेतापुरती नाही. इंडोनेशिया देशात तपकिरी तुडतुड्याने भाताची वारंवार हानी केली, तेव्हा तेथील शासनाने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली आणि शेतकऱ्यांना किडी व मित्र कीटक ओळखण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. औषध कमी करण्यासाठी आधी ओळख वाढवावी लागते, हा त्यातील बोध होय.

लेन्स उलटी केल्याने काय होते

कॅमेऱ्याची साधी लेन्स दूरच्या मोठ्या वस्तूचे लहान चित्र जवळच्या पडद्यावर पाडण्यासाठी बनविलेली असते. पूर्वी हा पडदा म्हणजे फिल्म असे. हल्ली तेथे सेन्सर असतो. पन्नास मिलिमीटर नाभीय अंतराची नेहमीची लेन्स सुमारे पाऊण हातापेक्षा अधिक जवळची वस्तू स्पष्ट दाखवू शकत नाही. त्या अंतरावर वस्तूचे चित्र मूळ आकाराच्या साधारण एक-सप्तमांश पडते. म्हणजे तीन मिलिमीटरचा तुडतुडा सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान उमटतो. असे चित्र कितीही मोठे करून पाहिले तरी त्यात किडीची खूण दिसत नाही.

प्रकाशाचा एक नियम असा की, तो ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येऊ शकतो. लेन्सच्या पुढच्या बाजूस दूरची वस्तू व मागच्या बाजूस जवळचा पडदा, ही तिची मूळ मांडणी. लेन्स उलटी केली की मागची बाजू वस्तूकडे व पुढची बाजू पडद्याकडे येते. आता वस्तू जवळ व पडदा तुलनेने दूर, अशी मांडणी होते, आणि लहान वस्तूचे मोठे चित्र पडते. लेन्समधील काचांची घडणही एका बाजूस जवळचे व दुसऱ्या बाजूस दूरचे अंतर धरूनच केलेली असते. म्हणून किडीचे चित्र मूळ आकाराहून मोठे घ्यावयाचे असेल तेव्हा उलटी लेन्स सुलटीपेक्षा अधिक रेखीव चित्र देते.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, नेहमीच्या छायाचित्रणात नाभीय अंतर जितके अधिक तितकी वस्तू मोठी दिसते. उलट्या लेन्सच्या बाबतीत नेमके याच्या विरुद्ध घडते. नाभीय अंतर जितके कमी तितके चित्र मोठे. ५० मि.मी. लेन्स उलटी बसवली असता चित्र जवळजवळ वस्तूएवढेच पडते. ३५ मि.मी. लेन्सने ते सुमारे दीडपट, २८ मि.मी. लेन्सने सुमारे दुप्पट, व २४ मि.मी. लेन्सने सुमारे अडीचपट पडते. कॅमेऱ्याच्या बनावटीप्रमाणे या आकड्यांत थोडा फरक होतो.

लागणारे साहित्य

१. लेन्स बदलता येते असा कोणताही कॅमेरा. आरसा असलेला जुना डिजिटल कॅमेराही चालतो. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यात लेन्स सेन्सरच्या अधिक जवळ बसते, त्यामुळे चित्र तेवढे मोठे पडत नाही. तेथे मध्ये एक पोकळ नळी जोडावी.

२. छिद्राची कडी हाताने फिरविता येते अशी जुनी लेन्स. फिल्मच्या काळातील अशा लेन्स जुन्या बाजारात अजून मिळतात. लेन्स उलटी केल्यावर तिचा कॅमेऱ्याशी असलेला विजेचा व यांत्रिक संबंध तुटतो, म्हणून छिद्र हातानेच लहानमोठे करावे लागते. ज्या लेन्सवर अशी कडी नाही, ती या कामासाठी विकत घेऊ नये.

३. लेन्स उलटी जोडण्याची कडी, म्हणजे रिव्हर्स रिंग. हिच्या एका बाजूस आटे असतात; ते लेन्सच्या पुढील तोंडावरील आट्यांत बसतात. दुसरी बाजू कॅमेऱ्याच्या तोंडावर बसते. लेन्सच्या तोंडाचे माप ४९, ५२ किंवा ५८ मि.मी. असे लेन्सवर लिहिलेले असते. कडी त्याच मापाची व आपल्या कॅमेऱ्याच्या बनावटीचीच घ्यावी.

४. फ्लॅश, आणि त्याचा उजेड सौम्य करण्यासाठी पांढरा बटर पेपर.

५. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पांढरे ताट, बारीक कुंचला, काचेच्या लहान नळ्या व टिपणवही.

कडी न लावता लेन्स हाताने कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरूनही चित्र घेता येते. परंतु तसे केल्याने फटीतून उजेड व धूळ आत जाते. कोकणच्या पावसाळी हवेत तर ते टाळावेच.

छायाचित्र घेण्याची रीत

प्रथम कॅमेरा पूर्णपणे हातचालू पद्धतीवर ठेवावा. काही कॅमेऱ्यांना लेन्स उलटी असल्याचे कळत नाही व ते शटर उघडण्यास नकार देतात. अशा कॅमेऱ्यात ‘लेन्स नसतानाही शटर उघडावे’ अशी सोय असते, ती चालू करावी.

छिद्र प्रथम पूर्ण उघडे ठेवावे, म्हणजे पाहण्याच्या खिडकीत पुरेसा उजेड येतो. लेन्सवरील केंद्रीकरणाची कडी फिरवून येथे विशेष उपयोग होत नाही. संपूर्ण कॅमेराच हळूहळू पुढे-मागे सरकवून कीड स्पष्ट करावी लागते. ५० मि.मी. उलट्या लेन्सचे टोक किडीपासून साधारण ८ ते १० सें.मी. अंतरावर असते, व २८ मि.मी. लेन्सचे ५ ते ६ सें.मी. अंतरावर. या अंतराचा अंदाज हातास बसला की काम सोपे होते. कीड स्पष्ट दिसू लागली की छिद्र आठ किंवा अकरा या आकड्यावर आणावे व चित्र घ्यावे.

छिद्र लहान का करावयाचे, हे समजून घेणे आवश्यक आहे. चित्र वस्तूएवढे पडत असता, आकडा आठवर, फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. चित्र दुप्पट झाले की हा थर एका मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढाच उरतो. किडीचे डोळे स्पष्ट आले तर पाय अंधुक येतात. म्हणून किडीची जी बाजू दाखवायची ती कॅमेऱ्याच्या समोर सपाट येईल असे धरावे. पाठीवरील खूण दाखवायची असेल तर अगदी वरून, आणि पाय दाखवायचे असतील तर अगदी बाजूने चित्र घ्यावे. तिरपे घेऊ नये. थर वाढविण्याच्या हेतूने छिद्र अकराच्या पलीकडे फार लहान केले तर मात्र सर्वच चित्र मऊ व पुसट होते.

हात हालू नये म्हणून डावा हात जमिनीवर, गुडघ्यावर किंवा बांधावर टेकावा आणि त्याच हाताच्या बोटांत पान धरावे. पान व कॅमेरा एकाच आधारावर आले की वाऱ्याचा त्रास कमी होतो. एकाच किडीची आठ-दहा चित्रे घ्यावीत. त्यांतील एक-दोन उत्तम येतात, उरलेली पुसून टाकावीत.

चित्रणासाठी सकाळची वेळ उत्तम. रात्रीच्या गारव्याने कीटक सुस्त असतात व लवकर उडत नाहीत. तुडतुड्यांसारखी चपळ कीड असेल तर चूड पांढऱ्या ताटावर हलकेच झटकावा, कीड कुंचल्याने काचेच्या नळीत घ्यावी, नळी काही मिनिटे बर्फाजवळ ठेवावी आणि कीड स्तब्ध झाल्यावर पांढऱ्या कागदावर ठेवून चित्र घ्यावे.

प्रकाशाची सोय

उलट्या लेन्सला उजेड अधिक लागतो. चित्र वस्तूएवढे पडते तेव्हा सेन्सरवर नेहमीच्या सुमारे एक-चतुर्थांश, व दुप्पट पडते तेव्हा सुमारे एक-नवमांश उजेड पोहोचतो. श्रावणातील ढगाळ दिवशी, दाट भाताच्या बुंध्याशी एवढा उजेड नसतो. म्हणून फ्लॅश वापरणे इष्ट होय. फ्लॅशचा झोत अत्यंत अल्पकाळ टिकतो, त्यामुळे हाताची थरथरही चित्रात उमटत नाही. मात्र उघड्या फ्लॅशने तुडतुड्याच्या चकचकीत पंखांवर पांढरा डाग पडतो व नेमकी खूणच झाकली जाते. यासाठी फ्लॅशसमोर बटर पेपरचा पडदा लावावा आणि झोत वरून तिरपा पडेल अशी योजना करावी.

मोजमाप कसे घ्यावे

किडीचा आकार कळल्याशिवाय चित्र अपुरे असते. त्यासाठी प्रत्येक लेन्सने एकदा मिलिमीटरच्या पट्टीचे चित्र घेऊन ठेवावे. समजा, २८ मि.मी. उलट्या लेन्सने घेतलेल्या चित्राच्या पूर्ण रुंदीत पट्टीचे १२ मिलिमीटर दिसतात. मग त्याच लेन्सने, पुढे-मागे सरकवूनच केंद्रित करून, घेतलेल्या चित्रात एखादी कीड रुंदीचा चौथा भाग व्यापत असेल तर ती ३ मिलिमीटर लांब आहे असे ठरते. कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २३ मि.मी. रुंद असल्यास २३ भागिले १२, म्हणजे जवळजवळ दुप्पट, हे त्या लेन्सचे वर्धन होय. हा आकडा लेन्सवर चिकटपट्टीने लिहून ठेवावा.

चित्रात काय पाहावे

तपकिरी तुडतुडा : रंग तपकिरी. काही प्रौढांचे पंख पूर्ण, तर काहींचे आखूड असतात. मागील पायाच्या नडगीच्या टोकाशी एक हालणारा काटा असतो. हा काटा उघड्या डोळ्यांस दिसत नाही. बाजूने घेतलेल्या दुप्पट चित्रात तो दिसू शकतो.

पांढऱ्या पाठीचा तुडतुडा : यालाही तोच काटा असतो, परंतु पंखांच्या मुळाशी, छातीवर, पांढरा पट्टा असतो. हे चित्र वरून घ्यावे.

हिरवा तुडतुडा : हा बहुधा पानांवर असतो. नराच्या हिरव्या पंखांवर मध्यभागी काळे ठिपके असून पंखांची टोकेही काळी असतात. याच्या मागील नडगीवर एका मोठ्या काट्याऐवजी बारीक काट्यांच्या ओळी असतात.

मिरीड ढेकूण : हा मित्र होय. अंग हिरवट, मिशा लांब व शरीर निमुळते. पंख घराच्या छपरासारखे न ठेवता तो पाठीवर सपाट मिटतो. तुडतुडा पंख छपरासारखे उतरते ठेवतो. ही एकच खूण कळली तरी अनेक अनावश्यक फवारण्या वाचतील.

पिवळा खोडकिडा : मादीच्या पिवळ्या पुढील पंखावर प्रत्येकी एक काळा ठिपका असतो, तो साध्या डोळ्यांसही दिसतो. समीप-चित्राचा उपयोग तिच्या अंडीपुंजासाठी होतो. पानाच्या शेंड्याकडील हा पुंज पिवळट-तपकिरी केसांनी झाकलेला असतो, व दुरून तो बुरशीचा किंवा चिखलाचा डाग वाटतो. चित्रात केस स्पष्ट दिसतात. लावणीच्या वेळी रोपांवर असे पुंज आढळले तर ती पाने खुडून नष्ट करावीत.

गादमाशी : डासासारखी, पोट तांबूस. तिच्या अळीमुळे फुटव्याचा कांद्याच्या पातीसारखा पोकळ, चंदेरी पोंगा होतो. माशी बाहेर पडून गेलेल्या पोंग्याच्या छिद्रात कोषाची पांढरी साल अडकलेली असते. तिचे चित्र हा निर्णायक पुरावा होय.

निळा भुंगेरा : पानावर लांबट पांढऱ्या रेषा पडल्या की त्या पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या आहेत की निळ्या भुंगेऱ्याच्या, हा प्रश्न येतो. भुंगेरा गुळगुळीत, निळसर व पाच मिलिमीटरच्या सुमाराचा असतो. अंगावर काटे असलेला असेल तर तो निळा भुंगेरा नसून काटेरी भुंगेरा, म्हणजे हिस्पा होय.

वालावरील मावा : शेंड्यावर व कोवळ्या शेंगांवर काळसर माव्याचे थर दिसले की लगेच फवारणी करू नये. दुप्पट चित्रात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, माव्यात काही किडे फुगीर, तपकिरी व कडक झालेले आहेत काय? तसे असल्यास परोपजीवी गांधीलमाशीने त्यांत अंडी घातलेली आहेत, आणि ते मेलेले आहेत. दुसरी, करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या आकाराची अळी फिरते आहे काय? ती ढालकिड्याची अळी होय. पुष्कळ ठिकाणी तिलाच कीड समजून मारले जाते. वस्तुतः ती मावा खाऊन पीक राखते.

नवी कीड आली असता तर चित्राचे महत्त्व अधिकच वाढते. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असते, आणि शरीराच्या शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके असतात. या दोन खुणांची चित्रे ज्या कार्यकर्त्यापाशी होती, त्यास तिची ओळख पटवून देणे सोपे गेले.

मोबाईल फोनचा उपयोग

ज्यांच्यापाशी कॅमेरा नाही त्यांनाही उलट्या लेन्सचे तत्त्व उपयोगी पडते. मोबाईलची लेन्स अतिशय कमी नाभीय अंतराची असते. निकामी फोनमधून काढलेली तशीच दुसरी लेन्स चालू फोनच्या लेन्ससमोर उलटी ठेवली असता वस्तूचे चित्र सेन्सरवर जवळजवळ मूळ आकारात पडते. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली या रीतीने फोनचाच स्वस्त सूक्ष्मदर्शक होतो हे दाखवून दिले. या मांडणीत लेन्स वस्तूला जवळजवळ टेकवावी लागते. म्हणून ती शेतातील जिवंत किडीसाठी नव्हे, तर कागदावर ठेवलेल्या मृत किडीसाठी किंवा अंड्यांसाठी वापरावी. शेतातील कामासाठी फोनला चिमट्याने लावायची तयार लहान लेन्स अधिक सोयीची.

दोन लेन्स समोरासमोर जोडण्याची हीच रीत कॅमेऱ्यासही लागू पडते. कॅमेऱ्यावर २०० मि.मी. लेन्स सुलटी बसवून तिच्या तोंडाशी ५० मि.मी. लेन्स उलटी जोडली तर २०० भागिले ५०, म्हणजे चौपट चित्र मिळते.

चित्र कोठे व कसे पाठवावे

एका किडीमागे किमान तीन चित्रे पाठवावीत. पहिले, पिकाच्या नुकसानीचे दुरून घेतलेले. दुसरे, कीड झाडावर असतानाचे. व तिसरे, किडीच्या खुणेचे उलट्या लेन्सने घेतलेले. सोबत गाव, तारीख, पिकाची जात, लावणीची तारीख, कीड झाडाच्या कोणत्या भागावर होती, आणि किती चुडांवर किती किडी मोजल्या, ही माहिती द्यावी. माहितीशिवाय आलेले चित्र म्हणजे पत्त्याशिवाय टाकलेले पत्र होय.

रोहा तालुक्यात किल्ला येथे रायगड जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत चालते. याच विद्यापीठाचे कर्जत येथील संशोधन केंद्र भातावर काम करते. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फतही चित्रे तज्ज्ञांपर्यंत पोहोचविता येतात. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीतही छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. परंतु यंत्र असो वा तज्ज्ञ, अंधुक चित्रावरून दोघांचाही निर्णय चुकतो.

चित्राच्या मर्यादा

छायाचित्र कीड कोणती हे सांगते, ती किती आहे हे सांगत नाही. फवारणीचा निर्णय संख्येवर अवलंबून असतो. म्हणून ओळख पटल्यावर शेताच्या कर्णरेषेने चालत निदान २० चूड तपासावेत व सरासरी काढावी. तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीत सामान्यतः दर चुडास ५ ते १० तुडतुडे, आणि खोडकिड्याच्या बाबतीत ५ टक्के गाभेमर किंवा दर चौरस मीटरास एक अंडीपुंज, ही उपायाची पातळी मानली जाते. मोजणी करताना मिरीड ढेकूण व कोळी वेगळे मोजावेत. ते पुरेसे असतील तर काही दिवस थांबून पुन्हा मोजणी करणे हिताचे असते.

शिवाय, काही जाती बाहेरील खुणांवरून वेगळ्या करता येत नाहीत. त्यांसाठी कीड प्रयोगशाळेतच तपासावी लागते. म्हणून शंका असेल तेथे चित्राबरोबर चार-सहा किडी सत्तर टक्के अल्कोहोल असलेल्या नळीत घालून, चिठ्ठीसह ठेवाव्यात.

पावसाळ्यातील काळजी

उलट्या लेन्सची मागील नाजूक बाजू उघडी राहते. तिच्यावर पान घासू नये व पाण्याचे थेंब पडू नयेत यासाठी लेन्सच्या मागील टोपणाचा तळ कापून त्याची कडी संरक्षणार्थ बसवावी. काम संपल्यावर लेन्स कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दमट हवेत लेन्सच्या काचेत बुरशी वाढते व ती काढणे कठीण असते.

नुकतीच फवारणी झालेल्या शेतात चित्रणासाठी बसू नये. खाचराच्या पाण्यात उतरताना गमबूट घालावेत. पायास जखम असल्यास पाण्यात उतरू नये, कारण कोकणातील भातखाचरांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. बुंध्याशी वाकण्यापूर्वी काठीने चूड हलवून सापकिरडू नाही याची खात्री करावी.

गावाचा चित्रसंग्रह

प्रत्येक गावाने आपल्या शिवारातील किडींचा व मित्र कीटकांचा चित्रसंग्रह तयार करावा, ही सूचना शेवटी करणे योग्य होईल. लावणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्यास एक सकाळ या कामी दिली तर एका हंगामात त्या गावच्या भातावरील मुख्य किडी चित्रबद्ध होतात. मोठ्या आकारात छापलेली ही चित्रे ग्रामपंचायतीत, शाळेत व कृषी सेवा केंद्राच्या दुकानात लावावीत. एका बाजूस ‘शत्रू’ व दुसऱ्या बाजूस ‘मित्र’ असे स्पष्ट लिहावे. शाळेतील मुलांची नजर तीक्ष्ण असते. त्यांना या कामात सहभागी करून घ्यावे.

इंग्लंडात रॉबर्ट हूक याने १६६५ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पिसवेचे व माशीच्या डोळ्याचे मोठे चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा ते काम एका विद्वानाच्या हातून झाले होते. आज तेच काम एका जुन्या लेन्सच्या व एका कडीच्या साहाय्याने रोह्याच्या बांधावर बसून करता येते. औषधाची बाटली उघडण्यापूर्वी किडीचे चित्र पाहावे, चित्र पटल्यावर संख्या मोजावी, आणि संख्या भरल्यावरच औषध हाती घ्यावे. हा क्रम पाळल्यास फवारणीचा खर्च वाचेल, मिरीड व कोळी हे बिनपगारी राखणदार शेतात टिकतील आणि पिकाची राखणही अधिक चोख होईल.